पानगळीत डोंगरगावी महिनाभर: दिवस, वाटा, कपडे आणि घर

प्रश्न थोडक्यात असा: साधारण १५०० मीटर उंचीवरच्या एका छोट्या डोंगरगावात पानगळीच्या मोसमात महिनाभर राहायचं आहे. पाच दिवस घरून काम, दोन दिवस भटकंती. मुक्कामी ट्रेक नकोत, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा वाटा हव्यात. दिवस कसा आखावा, सोबत काय असावं आणि लोकांचं नेमकं चुकतं कुठे?

चुकतं ते बहुतेक वेळा दुपारी एकच्या उन्हात. आकाश निळंशार, वारा पडलेला, अंगात एक शर्ट पुरतोय. हे हवामान संध्याकाळपर्यंत असंच राहणार असं गृहीत धरून माणूस आणखी एक धार चढायला निघतो. तीन तासांनी तीच वाट सावलीत, ओली आणि अर्धवट अंधारात असते. पावसाळा आणि हिवाळा आपला स्वभाव लपवत नाहीत. पानगळीचा मोसम दिवसभर गोड बोलतो आणि चार वाजता शब्द फिरवतो. म्हणून खालचं बहुतेक सगळं ऊन कुठे आहे, कधी जातं आणि गेल्यावर काय होतं, याभोवतीच फिरणार आहे. दिशांचा उल्लेख आला तर तो उत्तर गोलार्धातला समजा. दक्षिणेत उत्तर-दक्षिण उलटे धरा.

सूर्यास्ताची वेळ बघू नका

मोबाइलवर दिसते ती सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. दरीत वसलेल्या गावाला सपाट क्षितिज नसतंच. पश्चिमेची धार डोळ्यांच्या पातळीपासून १० अंश वर असेल, तर ४५ अक्षांशावर या मोसमात ऊन जवळजवळ तासभर आधी जातं; ३० अक्षांशावर साधारण पाऊण तास आधी. धार १५ अंश वर असेल तर ३० अक्षांशावरही सव्वा तासाच्या आसपास नुकसान धरा. अंश मोजायला उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब केला की मिटलेली मूठ अंदाजे १० अंश व्यापते आणि एक बोट दोन अंश. वाटेत सूर्य आणि समोरची धार यांच्यात किती मुठी किंवा बोटं बसतात ते पाहिलं की उरलेलं ऊन कळतं: एक मूठ म्हणजे पाऊण ते एक तास.

गावात पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत एक काम करा. घराच्या अंगणात, मुख्य पायवाटेच्या सुरुवातीला आणि पुलाजवळ ऊन नेमकं किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते लिहून ठेवा. महिनाभराची आखणी या सहा आकड्यांवर होते. मात्र दर आठवड्याला ते पुन्हा तपासा, कारण सप्टेंबरच्या शेवटी दिवस वर्षातल्या सगळ्यात जास्त वेगाने लहान होत असतात. ३० अक्षांशावर रोज जवळपास दोन मिनिटं, ४५ अक्षांशावर तीन मिनिटांहून थोडी जास्त. रोजची तीन मिनिटं जाणवत नाहीत, पण चार आठवड्यांत दीड तासाच्या आसपास दिवस गेलेला असतो. महिन्याच्या सुरुवातीला आरामात झालेली वाट महिन्याअखेरीस त्याच वेळी निघून अंधारात संपते ती यामुळे.

सूर्य मावळल्यावर साधारण अर्धा तास दिव्याशिवाय चालता येईल इतका उजेड असतो. तोही उघड्यावर. दाट सूचिपर्णी झाडीत त्यातली दहा मिनिटंच उपयोगी पडतात, म्हणून त्या अर्ध्या तासाला हिशेबात धरू नका.

घरून काम करणाऱ्यांसाठी याचा सरळ अर्थ असा की काम आटपून सहाला फिरायला जाऊ हा शहरी बेत इथे चालत नाही. दिवसाचा चांगला भाग साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन. मीटिंगा सकाळी लवकर आणि संध्याकाळी लावून घ्या, मधले दीड-दोन तास मोकळे ठेवा. पाच दिवस रोज दीड तास दुपारच्या उन्हात चाललात तर सुट्टीच्या दिवशीचा मोठा चढ पायांना जड जात नाही, शिवाय आसपासच्या वाटा ओळखीच्या होतात. सुट्टीच्या दिवशीच एकदम सहा तास चालणाऱ्यांचे गुडघे उतरणीवर बोलू लागतात.

वाटेला किती वेळ लागेल

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून वापरात आहे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला १ तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. तीव्र उतरणीसाठी पुढे त्यात भर पडली: दर ३०० मीटर उताराला १० मिनिटं वाढवायची. हे आकडे धडधाकट माणसाचे, कोरड्या वाटेचे आणि न थांबता चालण्याचे आहेत. पानगळीत त्यावर किमान २५ टक्के चढवा, आणि दर तासाला १० मिनिटं थांबण्यासाठी वेगळी.

उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन १० किलोमीटर, चढ ६०० मीटर, परतीचा उतार तीव्र. चढताना ५ किलोमीटरचा १ तास अधिक चढाईचा १ तास, असे २ तास. २५ टक्के वाढवून अडीच. थांबे धरून तीन. उतरताना १ तास २० मिनिटं, वाढवून १ तास ४० मिनिटं, थांबे धरून जवळपास दोन तास. एकूण पाच. साडेनऊला निघालात तर साडेबाराला माथ्यावर, अडीचला खाली. अकराला निघालात तर चार वाजता खाली, म्हणजे गावावर सावली पडते त्याच सुमारास. दीड तास उशिरा निघाल्यामुळे हाताशी असलेला सगळा शिल्लक वेळ संपतो, आणि एक मुरगळलेला पाय त्यात बसत नाही.

म्हणून निघतानाच परत फिरण्याची वेळ ठरवायची, ठिकाण नव्हे. वरच्या उदाहरणात ती दुपारी दीड. दीड वाजता माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी फिरायचं. हे सगळ्यात कठीण जातं आणि गटात तर जास्तच, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याला वर जायचंय. वेळ आधीच मोठ्याने बोलून ठरवली असेल तर वाद होत नाही. आणि अर्धा वेळ गेला की परत फिरू हे गणित इथे चुकीचं नाही, पण सैल आहे: ओल्या पानांवर उतरणीचा वेग चढणीइतकाच मंद होऊ शकतो.

कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरमालकाला किंवा शेजाऱ्याला लिहून द्या. त्या वेळेनंतर आणखी किती थांबून मदत बोलवायची, तेही त्याच कागदावर.

सकाळचं धुकं आणि दुपारचा ढग

निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने उष्णता गमावते. गार होणारी हवा जड होऊन उतारांवरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे या मोसमात सकाळी अनेकदा खाली जास्त थंडी आणि वर कमी, असा उलटा प्रकार असतो. ओलावा असेल तर त्या साचलेल्या हवेत धुकं धरतं. गाव धुक्यात बुडालेलं पाहून पुष्कळ जण बेत रद्द करतात, आणि नेमके ते दिवस सर्वोत्तम असतात: दोन-तीनशे मीटर चढलं की बरेचदा ढगाच्या वर, कोरड्या उन्हात येतो. खात्री करायची तर जवळच्या उंच ठिकाणचा वेबकॅम बघा किंवा वरच्या वस्तीत फोन करा. धुकं पातळ, स्थिर आणि वर किंचित उजळ असेल तर जा. धुकं वाऱ्यासोबत सरकतंय, थेंब पडताहेत, तर तो खाली उतरलेला ढग आहे. वर गेल्याने काही मिळणार नाही.

दुपारच्या ढगासाठी आणखी एक सोपा हिशेब आहे. हवामानाच्या ॲपमध्ये तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) दोन्ही दिसतात. त्यांतला फरक गुणिले १२५ म्हणजे तुमच्यापासून ढगाच्या तळापर्यंतची अंदाजे उंची, मीटरमध्ये. गावात १४ अंश आणि दवबिंदू ८, तर ६ गुणिले १२५, म्हणजे ७५० मीटर. गाव १५०० वर असेल तर ढगाचा तळ २२५० च्या आसपास. २४०० मीटरच्या माथ्यावरून त्या दिवशी पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसणार नाही, पण २००० ची धार छान उघडी असेल. हा हिशेब दुपारी, हवा ढवळली गेल्यावर लागू पडतो. सकाळच्या साचलेल्या हवेला तो लावू नका.

घड्याळात उंचीमापक असेल तर तो रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर बघा. तुम्ही हललेला नसता, तरी सकाळी घर ४० मीटर उंच दाखवत असेल तर हवेचा दाब साधारण ४ हेक्टोपास्कलने उतरला आहे. हवा बिघडते आहे. त्या दिवशी जंगलातली खालची वाट बरी.

वर किती थंड असेल

सरासरी दर १००० मीटरला ६.५ अंश सेल्सियस तापमान उतरतं. गावात १२ अंश असतील तर १२०० मीटर वरच्या माथ्यावर साधारण ४. त्यात ताशी ४० किलोमीटरचा वारा जोडला की उघड्या कातडीला ती थंडी उणे २ अंशांसारखी लागते. धारेवर असा वारा अजिबात विशेष नाही. गावातल्या आकड्यावर कपडे ठरवणाऱ्यांना हाच चौदा अंशांचा खड्डा नडतो.

कपड्यांबद्दल जितकं बोललं जातं त्यात कामाचं फार थोडं आहे. अंगाला चिकटून लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस, सॅकमध्ये वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि फक्त थांबल्यावर घालायला एक जाड, भरलेलं जॅकेट. सुती कपडा अंगालगत नको. तो घाम धरून ठेवतो आणि वाळायला तास घेतो, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. जीन्सचंही तेच.

कपडे कोणते यापेक्षा ते कधी घालायचे-काढायचे हे जास्त महत्त्वाचं. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ऊबदार वाटत निघालात तर दहाव्या मिनिटाला घाम सुटतो, आणि त्या ओल्या बनियनची किंमत माथ्यावर मोजावी लागते. पहिल्या पंधरा मिनिटांनी थांबून एक थर उतरवायचा हे ठरवूनच निघा. उलट, विश्रांतीला थांबलात की पहिल्या मिनिटात जाड जॅकेट अंगावर, मग पाणी, मग फोटो. थंडी वाजायला लागल्यावर घातलेलं जॅकेट तुम्ही तयार केलेली ऊब राखतं, नवी ऊब तयार करत नाही. गेलेली ऊब पुन्हा चालूनच मिळवावी लागते.

हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक भिजतोच. कानटोपी आणि कोरडे मोजे एका बंद पिशवीत. उन्हाचा चष्मा आणि सनस्क्रीन हास्यास्पद वाटेल, पण दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि थंड हवेत कातडी भाजतेय हे कळत नाही.

सॅकमध्ये याशिवाय: दीड ते दोन लिटर पाणी (थंडीत तहान लागत नाही, म्हणून ठरवून प्यावं लागतं), थर्मासमध्ये अर्धा लिटर गरम काही, न शिजवता खाता येईल असं पोटभर खाणं, प्रथमोपचार, शिट्टी, कागदी नकाशा, फॉइलचं पांघरूण. आणि प्रत्येकाचा स्वतःचा हेडलॅम्प. अकराला निघून दोनला परतणार असाल तरीही. मोबाइलचा टॉर्च हा पर्याय नाही. एक हात अडकतो, आणि ज्या फोनवरून मदत बोलवायची तोच संपतो. थंडीत साध्या अल्कलाइन सेलची ताकद बरीच घटते, लिथियमचे सेल टिकतात. फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा आणि एरोप्लेन मोडवर टाका: दरीत रेंज शोधण्यातच निम्मी बॅटरी जाते, आणि जीपीएसला नेटवर्क लागत नाही. नकाशा मात्र आधी उतरवून घेतलेला हवा.

पाऊल घसरतं ते कुठे

गळलेली पानं दिसायला गालिचा, पायाखाली साबण. विशेषतः तिरक्या सपाट खडकावर साचलेली, एकदा भिजलेली पानं. खालची मुळं, खड्डे, सुटे दगड सगळं झाकून टाकतात, आणि पायवाटेची कडही पुसट होते. अशा जागी लांब टांग टाकू नका. तळवा पूर्ण टेकवत छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर. घसरू नये म्हणून मागे झुकणं ही सहज प्रतिक्रिया असते आणि त्यामुळेच टाच निसटते. दोन ट्रेकिंग पोल असतील तर उतरणीला ते नेहमीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब करा.

दुसरी जागा लाकडी पूल. खालूनही थंड हवा लागते म्हणून पुलावरचं दव आजूबाजूच्या जमिनीआधी गोठतं. तिसरी, उत्तरेकडे तोंड असलेले उतार. दक्षिण उतारावर दहा वाजता दव वाळलेलं असतं, उत्तर उतारावर ते दिवसभर तसंच राहतं, आणि मोसमाच्या शेवटी तिथला पातळ बर्फ दुपारीही वितळत नाही. म्हणून गोल वाट असेल तर सावलीचा तीव्र उतार चढताना घ्या आणि उन्हाच्या बाजूने उतरा. चढताना पाऊल जमतं, घसरलात तरी जागच्या जागी. सकाळी उत्तर बाजूला थंडी जास्त लागते हे खरं, पण चढताना ती सोसते.

बुटांचा तळ तपासा. खाचा तीन-चार मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या असतील तर ते बूट गावात वापरा.

रंग केव्हा, कुठे

पानांमधलं हरितद्रव्य नवं तयार होणं थांबतं आणि असलेलं मोडत जातं, तेव्हा आधीपासूनच पानात असलेली पिवळी-नारिंगी द्रव्यं उघडी पडतात. लाल रंगाची गोष्ट वेगळी: तो मुद्दाम नव्याने तयार होतो, आणि त्याला दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या वरची थंडी असं हवामान लागतं. त्यामुळे पिवळा दरवर्षी साधारण सारखा येतो, लाल मात्र वर्षावर्षाला बदलतो. सलग ढगाळ दिवस गेले तर तो फिका पडतो. आणि लवकर कडक थंडी पडून पानं गोठली तर ती थेट तपकिरी होतात.

रंग वरून खाली उतरत येतो. हे लक्षात ठेवलं तर तारखांची चिंता उरत नाही. लवकर पोहोचलात तर वर जा, उशीर झाला तर खाली. गावाच्या पातळीवर झाडं उघडी झाली असली तरी चार-पाचशे मीटर खाली मोसम चालू असतो. सूचिपर्णींपैकी लार्च पिवळा होऊन पूर्ण झडतो, म्हणून वरच्या उतारांवर पिवळ्या पट्ट्यात वाळलेली झाडं दिसली तर ती रोगट नसून लार्च असण्याची शक्यता जास्त. एक सोसाट्याचा वारा आणि रात्रभर पाऊस झाला की दोन दिवसांत सगळं खाली. अंदाजात असा वारा दिसला तर सुट्टीच्या दिवसाची वाट बघू नका, त्याआधीच्या दुपारी काम बाजूला ठेवून बाहेर पडा.

पानांकडे सूर्याला पाठ करून पाहिलं तर रंग सपाट दिसतो. सूर्य पानांच्या पलीकडे ठेवा. सकाळी पूर्वेकडे तोंड करून, दुपारी पश्चिमेकडे.

जंगलात तुम्ही एकटे नाही

या दिवसांत अस्वलं थंडीआधी अंगावर चरबी चढवत दिवसाचा बराच वेळ खात हिंडतात, फळझाडांच्या आणि कचऱ्याच्या पेट्यांच्या आसपासही. जिथे ती आहेत तिथे कचरा रात्री बाहेर ठेवू नका आणि वळणावर बोलत चला. हरणांच्या अनेक जातींत हा माजाचा काळ असतो. नर एरवीपेक्षा कमी घाबरतो, त्याला वाट द्या. जिथे शिकारीला कायदेशीर परवानगी आहे तिथे तिचा हंगाम बहुधा हाच असतो. भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला, पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलाबाहेर राहा, आणि ग्रामकार्यालयाच्या फलकावर तारखा बघून घ्या. गोचिडी थंडी पडली की लगेच संपत नाहीत. ऊबदार दुपारी त्या गवतात असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा.

अळंबी गोळा करायचा मोह होईल. न ओळखणाऱ्याने एकही खाऊ नये. 'डेथ कॅप' या जातीचं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, म्हणून पचलं असं वाटतं आणि यकृतावर घाला आधीच पडलेला असतो. फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपवर तर मुळीच जाऊ नका.

घर

ऊब राखायचं वेळापत्रक सोपं आहे: ऊन खिडकीवर येताच पडदे उघडा, ऊन जाण्याच्या पंधरा मिनिटं आधी बंद करा. दुपारी समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा यात ओलावा जास्त जातो आणि भिंती थंड होत नाहीत. बाहेर वाळत घातलेले कपडे तीनच्या आत घरात घ्यायचे. चारनंतर ते वाळत नाहीत, दव पिऊन ओले होतात.

लाकडाची चूल किंवा स्टोव्ह असेल तर लाकूड किती वाळलंय यावर सगळं ठरतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. नुकत्या तोडलेल्या लाकडात तो याच्या दुप्पट किंवा जास्त असतो, आणि फोडून, वरून झाकून, बाजूंनी उघडं ठेवून वाळायला एक ते दोन वर्षं लागतात. दोन ओंडके एकमेकांवर आपटा: टणटण वाजले तर वाळलेले, धप्प आवाज आला तर ओले. ओलं लाकूड धूर करतं, ऊब देत नाही आणि धुराड्यात काळा डांबरी थर धरतं. तो थर पेटणं हे अशा घरांना आग लागण्याचं नेहमीचं कारण आहे. राहायला जाण्याआधी धुराडं कधी साफ केलं ते विचारा.

त्याहून गंभीर गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत कधीही नेऊ नका, विझत आलेली तर नाहीच नाही. डोंगरात यात एक खास फसगत आहे: सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते उंचीवर ढकलतो. उंचीचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर झोपल्यावर सुरू होतो. १५०० मीटरवर घरातल्या सगळ्यांची डोकी एकदम दुखत असतील आणि बाहेर गेल्यावर हलकं वाटत असेल, तर सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि डॉक्टरला फोन करा. सेलवर चालणारं, हा वायू ओळखणारं एक शोधक यंत्र घरून नेणं हा महिनाभराच्या सामानातला सगळ्यात शहाणा खर्च.

पहिल्या शून्याखालच्या रात्री बाहेरचा नळ आणि त्याला लावलेला पाइप बळी पडतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. संध्याकाळी पाइप काढून रिकामा करा, आतून कॉक बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवा.

स्वयंपाकात फरक फार नाही. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे १५०० वर ते ९५ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या भांड्यात कडधान्यं शिजता शिजत नाहीत. कुकर वापरा आणि नेहमीच्या वेळेत १५ टक्के वाढवा.

वारा सुटला की तारांवर फांद्या पडून वीज जाते, त्यामुळे कामाचा लॅपटॉप दुपारपर्यंत पूर्ण चार्ज ठेवायची सवय लावा. गर्दीचा मोसम संपल्यावर बसच्या फेऱ्या एका ठरावीक तारखेपासून कमी होतात, रोपवे वार्षिक देखभालीसाठी बंद राहतो, काही दुकानं आठवड्यातले मोजके दिवसच उघडतात. इंटरनेटवर दिसणारं वेळापत्रक बहुधा आधीच्या मोसमाचं असतं. थांब्यावर लावलेला कागद वाचा आणि शेवटच्या बसचा फोटो काढून ठेवा.

गाडी असेल तर तीनच गोष्टी. उतारावर ब्रेक दाबून ठेवू नका, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. थंडीत टायरमधला दाब घटतो, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय, म्हणून तो सकाळी गार टायरवर तपासा. उन्हाळी टायरची पकड ७ अंशांच्या खाली कमी होते हेही लक्षात असू द्या. आणि गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

बिघडलंच तर

सोबतचा माणूस अडखळायला, तुटक बोलायला किंवा विनाकारण चिडायला लागला तर ती थकव्याची लक्षणं समजून पुढे ढकलू नका. शरीर थंड पडतंय. वाऱ्याआड न्या, ओले कपडे बदला, जमिनीवर सॅक टाकून त्यावर बसवा, फॉइल आणि जाड जॅकेट गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला तर ती सुधारणा नसून पुढची पायरी आहे. त्याला चालवू नका, मदत बोलवा.

फोन लागत नसेल तर डोंगरातली आंतरराष्ट्रीय खूण: एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा दिव्याचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन असं येतं. उत्तर आलं तरी तुमची खूण थांबवू नका. शोधणाऱ्यांना तुमच्यापर्यंत पोहोचायला दिशा लागते, आणि ती आवाजावरूनच मिळते.

महिन्याच्या शेवटी उत्तरेकडच्या वरच्या उतारांवर पांढरा पट्टा दिसेल. तो दोन-तीन दिवसांत वितळला तर बेत बदलायची गरज नाही. आठवडाभर तसाच राहिला, तर त्या वाटा या वर्षापुरत्या साध्या बुटांसाठी बंद झाल्या असं समजा, आणि उरलेले दिवस गावाच्या खालच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर काढा.